उरलेल्या गोळ्या

हौसाबाईंनी स्टीलचा डबा टेबलावर ठेवला आणि मी मनात म्हटलं, तिळगूळ आला. संक्रांत होऊन आठवडाच झाला होता. डबा चांगला दोन किलोचा होता, आणि एसटीत उघडू नये म्हणून त्याला जुन्या लुगड्याच्या काठाची घट्ट गाठ मारलेली होती.

"आधी माझं बोलून होऊ दे मावशी, मग डबा," मी म्हणालो.

"व्हय की. डबा कुठं पळून चाललाय?" त्या स्टुलावर बसल्या. त्यांचे यजमान, रामचंद्रमामा, नेहमीसारखे मागे भिंतीला टेकून उभे राहिले. मामांना मी दोन वर्षांत फार तर दहा वाक्यं बोलताना ऐकलं असेल. हौसाबाई स्वतःच्या वाट्याचं बोलत आणि मामांच्या वाट्याचंही त्याच बोलत, त्यामुळे त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

माझ्या हातात एक कागद होता आणि तो त्यांना कसा वाचून दाखवायचा हे मला कळत नव्हतं.

मी तेव्हा पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात, रक्ताच्या कर्करोगाच्या विभागात शिकत होतो. म्हणजे रुग्णांच्या लेखी डॉक्टर देवरुखकर आणि आमच्या प्रमुख हळबे मॅडमच्या लेखी विद्यार्थी, तोही शेवटच्या परीक्षेत एकदा आपटलेला. हौसाबाईंना जो आजार होता तो जुनाट प्रकारातला. एके काळी त्यात माणूस चार-पाच वर्षांत जायचा. मग रोजच्या एका गोळीवर तो ताब्यात राहू लागला. गोळी लागू पडली की माणूस शेतात जातो, लग्नं लावतो, नातवंडं सांभाळतो. दर काही महिन्यांनी रक्त तपासून बिघडलेल्या पेशींची खूण शेकडा किती उरली ते पाहायचं. आकडा खाली जात राहिला पाहिजे, एवढंच.

काहींचा जात नाही. मग दुसऱ्या फळीचं औषध सुरू करायचं, आणि ते कोणाला तारेल, कोणाला नाही, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. पहिलं औषध हरलेल्या चौऱ्याण्णव रुग्णांच्या फायली मी उपसल्या होत्या. पहिल्या गोळीवर आकडा किती खाली गेला होता, पांढऱ्या पेशी किती वेळा घसरल्या, गोळी बदलायला किती उशीर झाला, अशा गोष्टींना गुण द्यायचे आणि बेरीज करायची. बेरीज कमी आली तर दुसरी गोळी बहुधा पुरते. जास्त आली तर वेळ न घालवता दुसऱ्याची अस्थिमज्जा घालायची तयारी करायची. आमची ज्युनियर पोरं त्याला 'देवरुखकरांची पत्रिका' म्हणत. मी वरवर चिडायचो, पण आतून मला ते नाव भारी आवडायचं.

त्या पत्रिकेत हौसाबाईंची बेरीज सगळ्यात वाईट आली होती. मी ती तीन वेळा करून पाहिली होती.

आता सांगायला हरकत नाही, विभागातल्या सगळ्या रुग्णांत त्या माझ्या लाडक्या होत्या. फलटणजवळच्या एका गावातून यायच्या. तिथल्या शाळेत पोरांची दुपारची खिचडी शिजवायच्या, एकशे चाळीस पोरांची. महिन्यातला त्यांचा बुधवार असला की माझा दिवस त्यांच्या गप्पांनी सुरू व्हायचा. सोमवारी त्यांचा उपास, त्यामुळे मीठ चाखून बघता येत नाही, मग त्या दिवशीची खिचडी कधी खारट तर कधी अळणी, आणि पोरं ताट वाजवून ओरडतात, "मावशीचा उपास, मावशीचा उपास!" हे त्यांनी मला इतकं रंगवून सांगितलं होतं की सोमवारी मेसमध्ये आमटी बिघडली की मला त्यांची आठवण यायची. या वेळीही आल्या आल्या म्हणाल्या होत्या, "आता मंगळवारी बी वरडत्यात मेली!"

ऑगस्टमध्ये मी नापास झालो तेव्हा विभागात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले होते. हौसाबाई त्या बुधवारी स्टुलावर बसल्या आणि माझ्याकडं बघत राहिल्या.

"काय झालं, डाक्टर? चेहरा का उतरलाय?"

"काही नाही. परीक्षेत गेलो."

"आईला सांगितलं का?"

"अजून नाही."

"मग मला सांगितलंसा, त्ये बरं झालं," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढून माझ्या पुढ्यात ओतल्या. "खावा. पुढच्या बारीला व्हनार. म्या सांगते न्हवं?"

त्या शेंगा मी फोडून खाल्ल्या, त्यांच्या फायलीवर टरफलं पडली, आणि किती दिवसांनी मला काहीतरी चवीनं खावंसं वाटलं होतं.

तर आता त्याच माणसापुढे मला माझी पत्रिका वाचायची होती.

"मावशी, पहिली गोळी आता काम करत नाहीये हे मागच्या वेळी सांगितलं होतं."

"व्हय. बदलायची म्हनला व्हता."

"जुलैमध्ये आकडा चार होता. तोही हवा तेवढा खाली नव्हताच. ऑक्टोबरमध्ये नऊ झाला. आता एकोणीस आहे. दुसरी गोळी आहे, चांगली आहे. पण ती तुम्हाला पुरेल का, याचा मी एक हिशोब केलाय."

"मग सांगा की. घाबरताय कशाला? आजार मला झालाय."

मी कागद खाली ठेवला. "तुमच्यासारख्या पाच जणांना ती गोळी दिली तर एकाला पुरते."

मामांनी भिंतीवरची पाठ काढली. हौसाबाईंनी अंगठ्यानं बोटांची पेरं मोजली. शिधा काढताना मोजतात तशी.

"आन् दुसरं काय?"

"तुमच्या भावाची, वसंतरावांची अस्थिमज्जा तुमच्याशी जुळलीय. ती तुमच्यात घालायची. लागली तर आजार मुळापासून जाऊ शकतो. पण ते सोपं नाही. दोन-अडीच महिने इथंच राहायचं, फार सोसायचं. आणि…"

"आन् काय?"

"पाचांतला एक जण त्यातून घरी येत नाही, मावशी."

"म्हंजी दोन्हीकडं पाचातला येकच," त्या म्हणाल्या. "हिकडं वाचनारा येक, तिकडं जानारा येक."

इतक्या सरळ शब्दांत ते मला कोणीच कधी सांगितलं नव्हतं. मी मान हलवली.

"माजं चालत न्हाई का?" मामा एकदम म्हणाले. "म्या द्येतो की. काय लागंल ते."

"नाही मामा. भावाबहिणीचंच जुळतं बहुतेक."

मामा परत भिंतीला टेकले. हौसाबाईंनी त्यांच्याकडं वळून बघितलं नाही, पण हात मागं करून त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं आणि बोलणं संपेपर्यंत सोडलं नाही.

"वसंताला काय व्हनार न्हाई न्हवं? दोन लेकरं हायती त्याला."

"त्यांना काही होणार नाही. चार दिवस अंग दुखेल."

"मग द्या कागद. सही करते."

मी फॉर्म पुढे सरकवला. त्यांनी शाळेच्या हजेरीवर करतात तशी, एकेक अक्षर सुटं काढत सही केली. हौसाबाई रामचंद्र भोईटे. शेवटच्या अक्षरावरची रेघ राहिली म्हणून परत पेन मागून घेतलं. अशा वेळी डॉक्टरनं कुठं बघायचं असतं हे आम्हाला शिकवलेलं नाही. मी डब्याकडं बघितलं.

"आता उघडू का? तिळगूळ आहे ना?"

"तिळगूळ पिशवीत हाय, येगळा. डब्यात तुमचंच हाय."

गाठ सुटेना. शेवटी कात्रीनं काठ कापला आणि झाकण काढलं. आत गोळ्या होत्या. पट्ट्याच्या पट्ट्या, नीट एकावर एक रचलेल्या, वर सुट्या गोळ्यांची पुरचुंडी, आणि मुंग्या लागू नयेत म्हणून कडेनं चार लवंगा टाकलेल्या. गोळ्या कोणत्या ते ओळखायला मला क्षणही लागला नाही. त्याच होत्या, पहिल्या औषधाच्या.

"ह्या उरल्यात," हौसाबाई म्हणाल्या. "आता दुसरं औशीद चालू व्हनार, तवा म्हनलं ह्या परत कराव्या. फुकट मिळाल्यात म्हून काय टाकून द्यायच्या? दुसऱ्या कुना गरिबाच्या कामी येतील. येक बी वाया घालवली न्हाई म्या."

"उरल्या? मावशी, महिन्याला तीस देतो आम्ही. रोज एक. उरतील कशा?"

"उपासाच्या दिशी घेत न्हाई ती उरती."

"उपासाच्या दिवशी गोळी घेत नाही तुम्ही?"

"आता बगा! तुमीच लिवून दिलं व्हतं." त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या वेष्टनात जपलेली वही काढली. पहिलंच पान, दोन वर्षांपूर्वीचं, माझ्याच अक्षरात, खाली लाल रेघा मारलेल्या. गोळी दुपारी पोटभर जेवल्यावरच, मोठा पेलाभर पाण्याबरोबर. न जेवता घ्यायची नाही. वेळ चुकली तर ती गोळी सोडून द्यायची, दुसऱ्या दिवशी वेळेवर पुढची.

"उपासाला आमी जेवत न्हाई, डाक्टर. फराळ करतो, त्यो बी चिमूटभर. सांजच्याला उपास सोडतो तवा येळ गेल्याली असती. येळ गेली की सोडून द्या, आसं लिवलंय. म्या सोडून दिली."

"पण उपास करता हे मला…"

"पयल्याच दिशी इचारलं व्हतं. उपास चालंल का, म्हनलं. तुमी म्हनला, चालंल की, त्याचा औशिदाशी काय संबंध?"

म्हणालो होतो. मला शब्दन्‌शब्द आठवला. इतर डॉक्टर उपासावरून खेड्यातल्या बायकांना झापतात, मी तसा नाही, असं मला त्या दिवशी स्वतःबद्दल वाटलं होतं. उपासाला त्या जेवत नाहीत हे मलाही माहीत होतं, माझी आजी कोकणात तेच करायची. फक्त गोळी आणि उपास ह्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकत्र आल्या नव्हत्या.

आणि मी त्यांच्यावर ओरडलो. दोन वर्षांत पहिल्यांदा. "मावशी, दोन वर्षं! दोन वर्षं तुम्ही अर्धवट औषध घेताय आणि मी इथं बसून तुमची बेरीज करतोय! एकदा तरी बोलायचंत!"

हौसाबाई स्टुलावर आक्रसल्या. "चुकलं का माजं?"

बाहेरच्या बाकावरची माणसं दारातून डोकावू लागली होती. मी वही मिटली. "नाही," मी म्हणालो. "तुमचं नाही चुकलं. तुम्ही मी सांगितलं ते अक्षर न चुकता केलंत."

मग मी, मामा आणि ओपीडीच्या सिस्टर अशा तिघांनी मिळून गोळ्या मोजल्या. एकशे त्र्याऐंशी भरल्या.

"कोणकोणते उपास धरता?"

"सोमवार. दोन्ही एकादशा. संकष्टी."

"आणि?"

मामांनी छताकडं बघितलं.

"आन् श्रावणापासनं मंगळवार," हौसाबाई म्हणाल्या.

"तो कशाचा?"

"असतंय बायकांचं कायतरी. बोलून दाखवला तर फळत न्हाई." त्यांनी पदर सारखा केला आणि विषय संपवला. मीही सोडून दिला, कारण माझ्या डोक्यात तोवर गुणाकार सुरू झाला होता. आधी महिन्याला सात गोळ्या चुकत होत्या, नंतर अकरा. तेवढ्यानं कोणाचाही आकडा चढेल.

डबा उचलून मी हळबे मॅडमच्या खोलीत पळत गेलो. मॅडम चहात बिस्किट बुडवत होत्या. मी सगळं एका दमात सांगितलं आणि डबा त्यांच्या टेबलावर ठेवला. बिस्किट तुटून कपात पडलं तरी त्यांनी लक्ष दिलं नाही.

"तुझ्या तक्त्याची मूळ शीट दाखव."

मी दाखवली. त्यांचं बोट एका रकान्यावर थांबलं. औषध नियमित घेतात का? हौसाबाईंच्या पुढे माझ्या अक्षरात: हो.

"हे केव्हा विचारलंस तिला?"

"विचारलं नव्हतं, मॅडम."

"मग 'हो' कुठून आला?"

"मॅडम, त्या हौसाबाई आहेत. एक तारीख चुकवत नाहीत. मला वाटलं…"

"बाकीच्या त्र्याण्णवांना विचारलंस?"

"सगळ्यांना. गोळ्या मोजायला लावल्या."

"फक्त आवडतीला नाही विचारलंस." मॅडमनी चष्मा काढून पुसला. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "माझंही चुकलंच. पेशी औषधाला दाद देईनाशा झाल्या की त्यांच्यात बहुतेकदा बदल सापडतो. आपण तपासलं, तिच्यात नाही सापडला. तेव्हाच मी तिला इथं बोलावून बसवायला हवं होतं. तुझा तक्ता धरून चाललाय की पहिलं औषध हरलं. पण ते धड मिळालंच नव्हतं तिला. या बाईच्या बाबतीत तुझ्या बेरजेला काही अर्थ नाही."

"मग प्रत्यारोपण?"

"थांबव. एकोणीसवर मी जुन्या गोळीची वाट बघणार नाही, दुसरी सुरू कर. ही जेवणाआधी, जेवणानंतर, फराळावर, कशीही चालते, तेवढं तरी बरंय. तीन महिन्यांनी तपासायचं. दहाच्या खाली आला तर ती वाचली असं समज. नाही आला, तर मग प्रत्यारोपणाशिवाय इलाज नाही. तो फॉर्म फाडू नकोस, खणात ठेव."

परत येऊन मी स्टूल ओढलं आणि हौसाबाईंच्या शेजारी बसलो. नवी गोळी हातावर ठेवून सांगितलं. रोज सकाळी सातला. पोटात काही असो नसो. सोमवार असो, एकादशी असो, देव स्वतः दारात येवो.

"उपास सोडू का मग?"

"उपास करा. गोळी पण घ्या. दोन्ही."

"उपासाला औशीद चालतंय?"

"चालतं. माझी आजी घ्यायची," मी ठोकून दिलं. आजीनं आयुष्यात गोळी घेतली नव्हती.

"म्या बगतो," मामा म्हणाले. "क्यालेंडरवर खूण करीन रोज. तिनं गिळल्याबिगर करनार न्हाई."

दोन वर्षांतलं त्यांचं ते सगळ्यात लांब बोलणं असावं.

ते तीन महिने मला अजून आठवतात. मार्चमध्ये माझी परीक्षा होती. मी पुस्तक उघडायचो आणि समोर तो खणातला फॉर्म दिसायचा. मधल्या भेटींत पांढऱ्या पेशी ठीक होत्या, पण खरा आकडा तीन महिन्यांशिवाय कळणार नव्हता. हौसाबाई दर बुधवारी गावातल्या टेलिफोनवरून ओपीडीच्या सिस्टरना फोन करायच्या. मला वाटायचं, तपासणीचंच विचारत असतील. सिस्टर हसून म्हणायच्या, "तुमच्या मावशीचा फोन होता," आणि कामाला लागायच्या.

परीक्षा झाली. आठ एप्रिलला निकाल लागला. मी पास झालो होतो, आणि खरं सांगायचं तर पेढे वाटतानाही माझं लक्ष बावीस तारखेकडं होतं.

बावीसला त्या आल्या. रिपोर्ट आदल्या संध्याकाळीच लॅबमधून आला होता, पण मी पाकीट फोडलं नव्हतं. त्यांच्यासमोर फोडलं.

एकाच्याही खाली. शून्य पूर्णांक आठ.

मी तो आकडा मोठ्यानं वाचला. मग परत वाचला. मग खण उघडला, त्यांची सही असलेला फॉर्म काढला आणि त्यांच्या हातात दिला. "फाडा," म्हणालो.

त्यांनी फाडला नाही. घडी घालून चोळीत ठेवला. "कागद चांगला हाय. मागच्या अंगाला किरान्याची यादी लिवीन," म्हणाल्या. आणि मग त्या रडल्या, आणि मामा रडले, आणि मीही रडलो. सिस्टरनी दार ओढून घेतलं.

जरा वेळानं मामांनी बगलेतून सुरळी काढली. "ह्ये बगा. येक बी दिस चुकला न्हाई."

कॅलेंडर होतं ते, भिंतीवरून खिळ्यासकट काढून आणल्यासारखं. जानेवारीच्या एकवीस तारखेपासून प्रत्येक चौकोनात बॉलपेननं बरोबरची खूण. मी एकेक पान उलटत गेलो. मंगळवारच्या रांगेत मात्र पेनच्या खुणेशेजारी कुंकवाचं एकेक बोट उठलं होतं. तो हात मामांचा नव्हता.

"हे काय?"

"ते तिचं," मामा म्हणाले. "मंगळवाराचं."

जानेवारीत बोटं होती, फेब्रुवारीत होती, मार्चमधले पाचही मंगळवार लाल होते. एप्रिलमध्ये सात तारखेला एक बोट होतं. चौदाला नव्हतं. एकवीसला, म्हणजे कालच्याला, नव्हतं.

"मंगळवार सोडलात मावशी?"

"सोडला की. उद्यापन केलं. पाच सवाष्णी जेवू घातल्या." त्यांचा रडून लाल झालेला चेहरा उजळला होता. "आता बोलायला हरकत न्हाई. तुमच्या परीक्षेसाठी धरला व्हता. त्या दिशी तुमचा चेहरा बगवला न्हाई. सिस्टरला दर बुदवारी इचारायची, लागला का निकाल, लागला का निकाल. त्या दिशी त्या म्हनल्या, पास झालं तुमचं डाक्टर. तितंच फोनपाशी हात जोडले."

श्रावणापासून, त्या म्हणाल्या होत्या. मी नापास झाल्याचं त्यांना सांगितलं तो श्रावणातलाच बुधवार होता. जुलैमध्ये चार, ऑक्टोबरमध्ये नऊ, जानेवारीत एकोणीस. हा आलेख मी माझ्या हातानं काढला होता, प्रबंधात लावला होता, त्याची चढण कुठून सुरू होते ते लाल बाणानं दाखवलं होतं, आणि खाली लिहिलं होतं की या बिंदूपाशी आजार का उलटला याचं कारण कळत नाही. डब्यातल्या त्या एकशे त्र्याऐंशी गोळ्यांतल्या पंचवीसेक माझ्या होत्या.

सांगावं का त्यांना? मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

"बगा," हौसाबाई म्हणाल्या, "फळला का न्हाई मंगळवार?"

"फळला, मावशी," मी म्हणालो आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. ओपीडीत, अॅप्रन घालून. त्या "आरं आरं, लेकरा" म्हणत उठून उभ्या राहिल्या आणि माझ्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवून त्यांनी आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

याला आता सोळा वर्षं झाली. हौसाबाईंनी शाळेतली खिचडी सोडली, आता नातवंडांना घालतात. आकडा तपासणीत सापडत नाही इतका खाली आहे. तो तक्ता मी पुढं पुष्कळ वापरला, सुधारला, त्यात दोन-तीन नवे रकाने घातले, आणि नव्या रुग्णाला नाव विचारल्यावर पहिल्यांदा उपास कोणकोणते ते विचारतो. बरोबरच्या पोरांना वाटतं, सर देवभोळे झाले.

मंगळवारच्या गोळ्यांचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. मंगळवारी मी जेवत नाही. घरच्यांना वाटतं, वजनासाठी. सकाळी राजगिऱ्याचा एक लाडू खातो आणि त्यावर माझी रक्तदाबाची गोळी न चुकता घेतो.